दात रबरी, सांधे पोलादी

सुट्ट्या लागल्या की गावोगावच्या मैदानांवर आनंदमेळे उतरतात. आकाशपाळणा, मौत का कुआँ, नेमबाजीचे फुगे, गुलाबी 'बुढ्ढी के बाल' ही मंडळी ठरलेलीच. अलीकडे त्यांच्यात एका बड्या पाहुण्याची भर पडली आहे. तो मान डोलावतो, डोळे मिचकावतो, शेपटी हलवतो आणि अशी डरकाळी फोडतो की कडेवरचे पोर बापाच्या खांद्यात तोंड खुपसते. हा पाहुणा म्हणजे डायनासोर.

१९९३ साली 'जुरासिक पार्क' आला आणि पुढच्याच वर्षी हिंदी बोलू लागला, तेव्हापासून आपल्या मुलांची या प्राण्याशी गट्टी जमली. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात तर राजासॉरसच्या नावाने पाण्यातली सफरच आहे. हा राजासॉरस परका नव्हे. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोली येथे सापडलेल्या अवशेषांवरून २००३ साली त्याचे बारसे झाले. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यालाही डायनासोरचे अवशेष मिळाले आहेत. सातपुड्यापलीकडे धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते, ती डायनासोरची अंडी असल्याची बातमी २०२३ मध्ये आली. थोडक्यात, खान्देशातल्या मुलाने डायनासोर पाहायला धावावे यात वावगे काहीच नाही. तो धावतच जाणार. प्रश्न एवढाच, की धावत जाऊन तो थांबणार कुठे?

या बाहुल्याच्या पोटात काय असते ते एकदा समजून घेतले पाहिजे. आत पोलादी सांगाडा. मान, जबडा आणि शेपटी हलवायला विजेच्या मोटारी, दांडे आणि बिजागऱ्या. त्यावर स्पंजाचे मांस आणि त्यावर रबरासारखी रंगवलेली कातडी. पुष्कळ बाहुल्यांत माणसाची चाहूल घेणारा डोळाही बसवलेला असतो. कोणी जवळ आले की यंत्र सुरू होते, माणूस दूर गेला की बंद पडते. धंद्याच्या दृष्टीने युक्ती नामी आहे, कारण वीज वाचते आणि प्रेक्षक दचकतो. पण मुलाच्या बाजूने पाहा. त्याला दिसतो तो निश्चल पुतळा. पुतळा हलत नाही म्हणून ते जवळ जाते आणि ते जवळ गेले म्हणूनच तो हलतो!

खरी मेख इथे आहे. आपण मुलाला जपतो ते दातांपासून, आणि दात तर रबराचे असतात. भीती वाटते ती तोंडाची, धोका असतो तो सांध्याचा. जबड्याच्या कोपऱ्यात, मानेच्या घडीत, पंजाच्या खाचेत बोट गेले तर मोटारीला ते बोट आहे की फडके, हे कळत नाही. शेपटीचे तर विचारूच नका. सगळी गर्दी तोंडाकडे बघत असते आणि मागून येणारा फटका नेमका तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येतो.

वीज आणि आग यांचा धोका निराळाच. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील एका डायनासोर उद्यानात पूर्ण आकाराचा टी-रेक्स सर्वांच्या डोळ्यांदेखत जळून गेला. विजेतला बिघाड हे कारण सांगितले गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण ते होते एका जागी रोवलेले उद्यान. आपल्याकडचा मेळा आज इथे, तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी. दर मुक्कामी तारा नव्याने जोडायच्या, त्यावर वळवाची एखादी सर यायची आणि त्याच चिखलातून अनवाणी पोरे पळायची. २००९ साली फटाक्यांच्या कारखान्यातल्या स्फोटाने वीसहून अधिक जीव गमावलेल्या पारोळ्याला ठिणगी म्हणजे काय हे बाहेरच्याने सांगायला नको.

कोणी म्हणेल, उगाच बाऊ करता. डायनासोरने आजवर कोणाचे काय केले? पण आधी जीव जावा आणि मग नियम यावा, हा आपला जुना शिरस्ता आहे. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक गेले, तेव्हा यात्रांच्या नियोजनाची चर्चा सुरू झाली. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झुलता पाळणा तुटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा पाळण्यांच्या तपासणीची आठवण झाली. दर वेळी चौकशी होते, दर वेळी नेमकी कोणाची तरी नजर चुकलेली असते.

आणि नजर ठेवणे ही विद्या आपल्याला परकी आहे असेही नाही. पारोळ्यात बालाजी महाराजांचा रथ निघतो, जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. एवढे अवजड लाकडी धूड माणसांच्या गर्दीतून, अरुंद गल्ल्यांतून वळणे घेत जाते. रथाला मोटारीसारखा ब्रेक नसतो. चाकाखाली लाकडी मोगरी सारायची आणि रथ वळवायचा, थोपवायचा, ही खान्देशी रथांची रीत. मोगरी लावणारा माणूस आरतीचे ताट पाहत नाही, लेझीम पाहत नाही, ओळखीच्याला हात करत नाही. त्याची नजर चाकावरून हलत नाही आणि गर्दीही त्याचा शब्द मानते. ज्या गावात ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, त्या गावाला हलत्या डायनासोरपुढे एक माणूस उभा करणे जड जाऊ नये.

मेळ्यात नेमका हाच माणूस नसतो. तिकिटे फाडणारा, गाणी लावणारा आणि यंत्राची कळ दाबणारा बहुधा एकच. पुढे सुतळीची एक दोरी बांधलेली असते. ती मोठ्यांच्या कमरेला लागते आणि मुले तिच्याखालून सहज निसटतात.

मागणे फार नाही. मान आणि शेपटी पुरती ताणली की जिथवर पोचतात त्याच्या पलीकडे हातभर जागा सोडून कठडा हवा, आणि तो मुलाला खालून शिरता येणार नाही असा हवा. पुढच्या बाजूला हवा तसा मागच्या बाजूलाही हवा. यंत्र तत्काळ थांबवणारे लाल बटण आणि त्याच्यापाशी दुसरे काही काम नसलेला एक माणूस हवा. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी वीज तोडलेली हवी. तारा जमिनीवरून लोळता कामा नयेत, आणि आग विझवण्याचे साधन हाताशी हवे. यातले काहीही मेळेवाल्याचे दिवाळे काढणारे नाही.

त्याची बाजूही ऐकली पाहिजे. तो काही खलनायक नाही. बायकापोरांसह तंबूत राहणारा, पावसाने एक आठवडा बुडवला तर कर्जात जाणारा माणूस तो. त्याला परवानगीसाठी दहा दारे हिंडवायची आणि दहाव्या दारी यंत्राकडे न बघताच शिक्का मारायचा, यात त्याचेही भले नाही आणि मुलांचेही नाही. पाळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोची संहिता आहे, करमणुकीच्या ठिकाणांना परवाने देण्याचे अधिकार पोलीस कायद्यात आहेत, वीज तपासायला विद्युत निरीक्षक आहे. उणीव कायद्याची नाही, मैदानावर जाऊन पाहण्याची आहे. नगरपालिकेने जागेचे भाडे घेतले म्हणजे तिचे काम संपत नाही. पहिले तिकीट फाटण्यापूर्वी एका जाणत्या माणसाने यंत्र चालवून पाहावे, कठडा मोजावा आणि तपासणीचा कागद प्रवेशद्वारावर लावावा. तो कागद नसेल तर मेळा उघडू नये.

उरलो आपण. कठड्यावरून मुलाला पलीकडे उतरवणारे, "जा, त्याच्या पायाशी उभा राहा, फोटो काढतो" असे सांगणारे हात कोणा मेळेवाल्याचे नसतात. रडणाऱ्या मुलाला "अरे, खोटा आहे तो" म्हणून पुढे ढकलणारे आपणच. डायनासोर खोटा आहे हे खरे. पण मोटार खरी आहे, आणि मुलाचे बोटही खरेच आहे. म्हणून त्याला सांगायचे ते जरा वेगळे सांगावे : "हे यंत्र आहे. लांबून बघायचे, हात लावायचा नाही." मुलाची मौज त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट कठड्याला रेलून, आईचा हात घट्ट धरून ऐकलेली डरकाळी जास्त रंगते.