सांध्यातली रेघ

पावसाळ्यात लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यांत पुस्तकांची पाने फुगतात, भिंतीवरच्या कॅलेंडरलाही पोक येतो. इथला वर्षाचा पाऊसच चार हजार मिलीमीटरच्या आसपास. कागदात कागद जडवून केलेल्या चित्राची खरी परीक्षा अशा हवेत होते.

प्रदर्शनांत या चित्रांना सर्रास कोलाज म्हणतात, ते चूक आहे. कोलाजमध्ये तुकडा कागदावर चिकटतो. फ्रेंच चित्रकार मातिस रंगवलेले कागद कापून चिकटवत असे. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गेलेले बंगाली चित्रकार विनोदबिहारी मुखर्जीही बोटांच्या अंदाजाने तेच करत. जडावात मात्र तुकडा कागदाच्या आत, त्याच पातळीत बसतो. वरून हात फिरवला तर उंचवटा लागत नाही.

हे साधण्याची युक्ती सोपी आहे, हात बसायला मात्र वेळ लागतो. दोन रंगांचे कागद एकावर एक ठेवून पक्के करायचे आणि अकरा नंबरच्या सर्जिकल ब्लेडने एकाच कापात दोन्ही चिरायचे. वरच्या कागदात पडलेल्या भोकाच्या मापाचाच तुकडा खालच्यातून निघतो. पाते उभेच हवे. कलले की सांधा उघडा पडतो. टोक बोथट झाले की कागद चिरला न जाता ओढला जातो, म्हणून पात्यांची काटकसर इथे महागात पडते. तुकडा बसला की पुढून हलकी चिकटपट्टी, मागून पातळ कागद आणि गव्हाची खळ, मग टिपकागदात घालून वजनाखाली. पेन्सिलची रेघ कुठेच नाही. जिथे दोन कागद भेटतात, तीच रेघ.

दमट हवेत ही रेघ बिघडते. यंत्राच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात आणि ओलाव्याने ते लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात. तुकड्याची दिशा आडवी नि भोवतालच्या कागदाची उभी असेल, तर कुठे फुगवटा येतो, कुठे फट. दिशा ओळखायला कागद फाडून पाहावा: तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा. हातकागदात तंतू बरेचसे सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे हा त्रास कमी. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा एकेकाळी कागदासाठी प्रसिद्ध होते. 1940 साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. कच्चा माल आपल्या दाराशी असताना आपल्या चित्रकारांनी जडावाकडे फारसे वळू नये, हे नवल.

अशा चित्राची किंमत ठरवताना तुकडे मोजू नयेत, सांधे पाहावेत. आणि घेतलेले चित्र जूनपासून बंद राहणाऱ्या बंगल्यात, पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. ते शहरातल्या घरी न्यावे.