अपंगाचे अनुदान हा सावकाराचा हप्ता नव्हे



संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अपंगांना मिळणारी रक्कम राज्य सरकारने दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केली, आणि ही वाढ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाली. वाढ रास्तच होय. ती फार पूर्वी व्हावयास हवी होती. सरकार आज अपंगांस दिव्यांग म्हणते. शब्द गोड झाला म्हणून दैन्य हटत नाही, परंतु रक्कम वाढली हे खरे. आता वणी, दिंडोरीच्या वस्त्यांतून ज्या घरी ही रक्कम येते, त्या घराच्या उंबरठ्यावर ती पोहोचण्यापूर्वीच कोणी तरी वही उघडून बसलेला असतो. कर्जाचा हप्ता थकलेला असतो, आणि घरात नेमाने येणारा पैसा असा तो एकच असतो. मग तडजोडीच्या कागदावर बिनदिक्कत लिहिले जाते की, अनुदान जमा होताच त्यातून हप्ता भरीन. खाली अंगठा उमटतो. हा अंगठा कायद्याच्या नजरेने काय आहे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

अनुदान ही मजुरी नव्हे, तशीच ती भीकही नव्हे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने करावी, असे आपल्या संविधानाचे ४१ वे कलम सांगते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा राज्याने सक्तीने उतरवावा अशी मागणी केली होती. संकटाचा भार एकट्या दुर्बळावर पडू नये, हाच तिचा अर्थ. द्राक्षाच्या बागेत काम करणाऱ्या मजुराचा पाय गेला तर त्याची मजुरी तर बुडतेच, पण खर्चही वाढतो. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जाण्याचे भाडे दोघांचे लागते, कारण सोबत कोणी तरी हवेच. आणि त्या दिवशी सोबत्याची मजुरीही बुडते. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ही गोष्ट मान्य केली आहे. इतरांसाठी जी योजना असेल तिच्यापेक्षा अपंगांना किमान २५ टक्के अधिक साहाय्य मिळावे, असे त्याचे २४ वे कलम म्हणते. अधिक का? अपंगाचा खर्च अधिक म्हणून. तेव्हा ही रक्कम उत्पन्नाच्या रकान्यात मांडावयाची आणि जिच्यासाठी ती दिली तो खर्च मात्र कोठेच मांडावयाचा नाही, ही हिशेबाची लबाडी होय.

ही लबाडी आज कशी चालते ते पाहा. लहान कर्जे देणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास तारणाविना कर्ज द्यावे, आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा त्यांचा गाभा आहे. नियम चांगला आहे. परंतु उत्पन्न मोजण्याचा जो नमुना त्याबरोबर दिला, त्यात पेन्शन आणि सरकारी मदत यांचेही रकाने आहेत. समजा, एका घरात पत्नी मजुरीचे महिना आठ हजार आणते आणि अपंग पतीचे अनुदान अडीच हजार येते. अनुदान धरले नाही तर हप्त्यांची मर्यादा चार हजार. धरले तर सव्वापाच हजार. म्हणजे अपंगाच्या प्रत्येक अडीच हजारांतून साडेबाराशे रुपये कर्ज देणाऱ्याने कर्ज देण्यापूर्वीच आपल्या नावे मांडून ठेवले! माझे म्हणणे असे की, अर्ज भरताना अनुदानाची रक्कम लपवू नका, खोटे लिहू नका. पण त्याच कागदावर औषध, प्रवास आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हा खर्चही लिहा, आणि तसे लिहिलेल्या कागदाची नक्कल मागून घ्या. याच नियमांप्रमाणे अशा कर्जापोटी तुमच्या ठेव खात्यावर बोजा ठेवता येत नाही, आणि सकाळी नवाच्या आत व सायंकाळी सहानंतर वसुलीसाठी तुम्हांस गाठता येत नाही. खात्यातून रक्कम परस्पर वळती झाली तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यास फी पडत नाही.

आता कोर्टाकडे वळू. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या ६० व्या कलमात हुकूमनाम्याच्या वसुलीत कोणत्या वस्तूंवर जप्ती येत नाही याची यादी आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, मजुराची व घरगड्याची मजुरी, नोकरीतून निवृत्त झालेल्याचे पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी. पेन्शनची रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवली तरी तिचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात ठरविले. कामावर अपघात होऊन मिळणाऱ्या नुकसानभरपाईस १९२३ च्या कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते राखले आहे.

परंतु ही यादी पुन्हा वाचा. सरकारी नोकराचे पेन्शन तीत आहे; ज्याला कधी नोकरीच मिळाली नाही अशा अपंगाच्या अनुदानाचे नाव तीत नाही. १९०८ साली असे अनुदानच नव्हते हे खरे. संजय गांधी योजना १९८० ची. पण त्यानंतर यादीत दुरुस्ती करण्यास कोणी हात धरला होता? अनुदानास ४१ व्या कलमाच्या आधारे संरक्षण मिळावे असा युक्तिवाद करता येतो, आणि मी तो करीन. तथापि युक्तिवाद आणि कायद्यातील स्पष्ट शब्द यांत अंतर असते, व ते अंतर गरिबाला महाग पडते.

किती महाग, ते याच कलमाच्या पोटात पाहावे. १९७६ च्या दुरुस्तीने ६० व्या कलमात असे घातले की, जप्तीपासून मिळालेली सूट सोडून देण्याचा करार निरर्थक होय. मजुराने ‘माझी भांडी जप्त करा’ असे लिहून दिले तरी ते लिहिणे फुकट. हे मोठे शहाणपणाचे कलम आहे, कारण भुकेल्याची संमती ही संमती नसते. पण अनुदान यादीतच नसल्यामुळे या कलमाचा आधार त्यास निर्विवादपणे मिळत नाही. म्हणून अनुदानाबाबत तुम्ही काय लिहून देता यास विलक्षण महत्त्व आहे. त्यातही लोकअदालतीत लिहून देताना दहादा विचार करा. लोकअदालतीचा निवाडा हा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील चालत नाही. तेथील मंडळी आपलेपणाने बोलतात, चहाही येतो. तरी सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा.

हुकूमनामा करतानाच हप्ते बांधून देण्याचा अधिकार कोर्टास आहे. हुकूमनामा झाल्यावर मात्र धनकोची संमती लागते. म्हणून समन्स आले की घरी बसू नये, दिंडोरीस कोर्टात हजर राहावे. कैदेची धमकी कोणी दिली तर घाबरू नये. केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोस तुरुंगात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच जॉली जॉर्ज व्हर्गीस यांच्या खटल्यात सांगितले आहे, आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीस अटक करण्याची मनाईच आहे.

नादारीचा मार्गही आहे, पण अरुंद. आपल्या जिल्ह्यास लागू असलेल्या १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याप्रमाणे नादार धनकोंपुढे तडजोडीची योजना ठेवू शकतो. संख्येने बहुसंख्य आणि रकमेने तीन-चतुर्थांश धनकोंनी ती स्वीकारली तर कोर्ट तिला मंजुरी देऊ शकते. त्या कायद्यात नादाराच्या मालमत्तेतून काय वगळावे? दिवाणी संहितेत जे जप्तीतून वगळले तेच. म्हणजे ६० व्या कलमातील भोक नादारीच्या कायद्यातही उतरले! २०१६ च्या नव्या संहितेत गरिबांचे लहान कर्ज सरसकट सोडविण्याचे प्रकरण आहे. ते सामान्य माणसासाठी अद्याप अमलात आणलेले नाही. कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी मात्र व्यक्तींची प्रकरणे १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाली. कोणाची घाई कशासाठी असते ते यावरून कळावे.

अमेरिका हा काही गरिबांचा देश म्हणून प्रसिद्ध नाही. तरी तेथील सामाजिक सुरक्षेच्या कायद्याखाली मिळणारी अपंगत्वाची रक्कम सामान्य धनकोस जप्त करता येत नाही, आणि २००५ च्या नादारी दुरुस्तीने ऋणकोचे चालू मासिक उत्पन्न मोजताना ती स्पष्टपणे वगळली आहे. जे तेथे शक्य झाले ते येथे अशक्य का असावे? दिवाणी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय आहे. महाराष्ट्र विधिमंडळ ६० व्या कलमात आपल्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेऊ शकते. अनेक राज्यांनी या कलमात अशा दुरुस्त्या केल्या आहेत. निराधार, वृद्ध, विधवा आणि अपंग यांचे सरकारी अनुदान जप्त होणार नाही, एवढे एक वाक्य पुरे. याच दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी जन्मलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारले. त्यांच्या तालुक्याने एका वाक्याची मागणी करण्यास लाजू नये.

नव्याने धम्मात आलेल्या काही कुटुंबांच्या मनात भय घातले जाते की, धर्म बदलला, आता सवलती गेल्या. हे असत्य आहे. अपंगाचे अनुदान धर्म वा जात पाहून दिले जात नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने कायम राखला आहे. विधिसेवेच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीचे लोक, स्त्रिया आणि अपंग या सर्वांस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. अपंगाचे अनुदान नेहमी परकाच खातो असे नाही. भाऊ खातो, मुलगा खातो. अपंगाच्या नावावर कर्ज उचलून लग्नाचा मांडव घालतो. नवसाचे बोकड सुटले, पण मांडव मात्र मोठा झाला, ही आपल्या धम्मजीवनाची शोभा नव्हे. २०१६ च्या कायद्याचे १३ वे कलम अपंगास स्वतःचा आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क देते, आणि मदतनीसाचा स्वार्थ आड येत असेल तर त्याने त्या व्यवहारातून बाजूस व्हावे असे बजावते.

यावरून कर्ज बुडवावे असा अर्थ कोणी काढू नये. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची जी चार सुखे सांगितली त्यांत ऋणमुक्तीचे सुख एक आहे, आणि संघात प्रवेश मागणाऱ्यास तो ऋणमुक्त आहे काय, हे विचारले जाई. घेतलेले फेडावे. पण ते धडधाकट हातांच्या कमाईतून, आणि घर चालेल अशा हप्त्याने.

म्हणून तडजोडीचा कोणताही कागद पुढे आला तर त्यात पुढील वाक्य घालण्याचा आग्रह धरा, आणि समोरचा पक्ष नाकारील तर त्याचे कारण लेखी मागा : ‘ऋणकोच्या कुटुंबातील अपंग व्यक्तीस मिळणारे शासकीय अनुदान हप्ता ठरविताना उत्पन्नात धरलेले नाही, व त्या रकमेतून अथवा ती जमा होणाऱ्या खात्यातून या कर्जाची वसुली केली जाणार नाही.’