अक्षरे फिकी करू नका

मराठी संकेतस्थळे बनवणाऱ्या, बनवून घेणाऱ्या आणि रोज वापरणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: पडद्यावरच्या अक्षरांचा रंग आजच तपासा.

पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर ही सध्याची फॅशन. डिझायनरच्या मोठ्या, उजळ मॉनिटरवर तो देखणा दिसतो. पण अर्ज भरणारा माणूस भर दुपारी एसटी स्टँडवर उभा असतो, हातात साधा मोबाइल असतो, कित्येकदा डोळ्यांत मोतीबिंदू असतो. देवनागरीचे तर जास्तच नुकसान होते, कारण अनुस्वार, रफार, उकार या बारीक खुणा सगळ्यांत आधी नाहीशा होतात. नाव नीट वाचता येत नाही, रक्कम चुकते, आणि मग शेजारच्या पोराला ओटीपी सांगून काम करून घ्यावे लागते. यातला धोका कुणाला समजावून सांगायला नको.

सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ : १. आता आपला आवडता केशरी घ्या. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या केशरी छटेवर (एफएफ९९३३) पांढऱ्या अक्षरांत ‘पैसे भरा’ लिहिले, तर फरक जेमतेम २.१ भरतो. तेच शब्द काळ्यात लिहा, तो जवळजवळ १० होतो. केशरी सोडायचीही गरज नाही!

आणि चुकलेली चौकट नुसती लाल करून थांबू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक आपल्या घरांतही आहेत. ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असे शब्दांत लिहा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे. तेव्हा हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न उरलेला नाही.

पतसंस्था, शाळा, नगरपालिका, वृत्तपत्रे यांच्या चालकांनो, नव्या संकेतस्थळाचे शेवटचे बिल देण्याआधी प्रत्येक पानाच्या रंगफरकाचे आकडे लेखी मागा. ते मोजणारी साधने फुकट मिळतात. आणि वाचकहो, मजकूर दिसला नाही तर चष्म्याला दोष देऊ नका. पानाचा स्क्रीनशॉट घ्या, संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार करा आणि रंग बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.