ताप उतरला, पण हृदयाचे काय?

शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की एक वाक्य हमखास कानी पडते: "अंगात ताप होता, तरी पठ्ठ्या धावला!" बक्षीस समारंभात त्यावर टाळ्याही पडतात. मला हे कौतुक मान्य नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करू. आपण स्वस्थ बसलेले असताना हृदयाची डावी बाजू दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त ढकलते, तेही पाऱ्याच्या 100 मिलिमीटर स्तंभाइतक्या दाबाविरुद्ध. दाबाला घनफळाने गुणा. कार्य येते जवळजवळ 1 ज्यूल. दिवसाचे ठोके सुमारे 1 लाख. म्हणजे 50 किलोचे पोते 200 मीटर उंच नेण्याइतके काम रोज, नुसते बसून! (आकडेमोड स्वतः करून पाहा.) जोरात धावताना हा भार कितीतरी पट वाढतो.

आता, सर्दी-तापाचे काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंतही पोचतात. 'कॉक्सॅकी बी' हा त्यांतला एक प्रसिद्ध विषाणू. त्यांच्याशी शरीराचा लढा सुरू झाला की त्या स्नायूला सूज येते. हाच हृदयस्नायुदाह, डॉक्टरांचा 'मायोकार्डायटिस'. बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. पण पाय मुरगळला तर आपण पाय टेकत नाही. हृदयाला तशी सुट्टी देता येत नाही. फक्त भार कमी करता येतो. सुजलेल्या स्नायूतून विद्युत्-संदेश सारख्या गतीने जात नाहीत, ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि नेमक्या धावण्याच्या वेळी हा धोका वाढतो. धडधाकट दिसणारा खेळाडू मैदानावर अचानक कोसळतो, त्यामागे कधीकधी हेच कारण असते. म्हणूनच हा विकार झालेल्यांना डॉक्टर कित्येक महिने खेळ बंद ठेवायला सांगतात.

तापानंतर छातीत दुखणे, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप, धडधड, घेरी यांपैकी काही जाणवले, तर ते घरी लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. हृदयाचा विद्युत्-आलेख आणि रक्ततपासणी यांवरून पुष्कळ कळते. केवळ नाडी मोजून स्वतःच निदान करू नका.

शिक्षकांना एक विनंती. विश्रांती मागणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणू नका. तापातून उठलेल्या मुलाला मैदानावर आणायचेच असेल, तर त्याच्या हाती स्टॉपवॉच द्या. वेळ मोजायला माणूस नेहमी कमीच पडतो.