वही फाडायची की चूक खोडायची?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही जरा रागातच.

आमच्या सौ.ने तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून टाइप करून ठेवल्या आहेत. मागच्या महिन्यात काही पानं छापून आणायला पेनड्राइव्ह बाहेर दुकानात दिला. घरी आणून लावला, तर सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट, चिन्हावर वाकडा बाण! संगणकावर जुनी प्रत होती, पण नव्या साठ-सत्तर ओव्या फक्त पेनड्राइव्हवर. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटंही न बघता निकाल दिला. "डेटा गेला सर. दोन्हीला फॉरमॅट मारावा लागंल. नवा अँटिव्हायरस टाकून देतो."

मी उभा आयुष्य शिकवलं. पोरगं एका गणितात चुकलं म्हणून मी कधी त्याची वही फाडली नाही. इथे मात्र वही फाडायचेच पैसे मागतात!

डेटा गेलेला नव्हताच. हा व्हायरस मूळ फोल्डरला 'लपवलेला' आणि 'सिस्टिमचा' असे दोन शिक्के मारतो आणि पुढे नकली शॉर्टकट ठेवतो. आपण त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो. म्हणून तर शंका येत नाही.

उपाय घरातच होता. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो, फुकट. त्यात 'ऑफलाइन स्कॅन' आहे: संगणक बंद होऊन चालू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आत तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा कमी मिळते. आधी संगणक तपासला, मग मालवेअरबाइट्सच्या फुकट आवृत्तीने पुन्हा एकदा. त्यानंतर पेनड्राइव्ह लावला, काही न उघडता तोही तपासला, आणि विंडोजमधल्याच 'अ‍ॅट्रिब' या आज्ञेने ते शिक्के पुसले. क्रम महत्त्वाचा. संगणक साफ न करता शिक्के पुसले तर व्हायरस पुन्हा मारतो. सगळ्या ओव्या जागेवर होत्या.

सरकारनेही २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं. सर्ट-इन ही संस्था ते चालवते, आणि तिथे अशी साफसफाईची साधनं मोफत मिळतात. पण हे दुकानात कुणी सांगत नाही.

कुणी म्हणेल, गुरुजी, दुकानदारानेही पोट भरायचं की नाही? जरूर भरावं. मेहनतीचे पैसे घ्यावेत, पण आधी बघावं तरी! क्विक हील उभी करणारे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस दिसू लागले तेव्हा धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले. नव्वदच्या दशकात त्यातूनच कंपनी उभी राहिली. तेही दुरुस्तीचंच दुकान होतं. फरक एवढाच, की तिथे रोग समजून घेतला गेला.

फॉरमॅट कधीच नको, असं मी म्हणत नाही. व्हायरस खोल रुजला, तपासणीनंतरही परत येऊ लागला, तर तोच शहाणपणा. पण आधी फायली वाचवून, माणसाला विचारून. आणि फॉरमॅट मारून घरी आलात, दुसरा बाधित पेनड्राइव्ह लावून त्या शॉर्टकटवर क्लिक केलंत, की पहिले पाढे पंचावन्न.

आता आपलंही पाप सांगतो. चोरीचं विंडोज आणि 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर आपणच हौसेने टाकून घेतो. ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि आपण करतो. दार उघडं ठेवून चोराला शिव्या देण्यात अर्थ नाही. आणि एकुलती एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवणारा मूर्ख मीच होतो, दुकानदार नव्हे.

आता ओव्या तीन ठिकाणी आहेत. एक प्रत लेकीकडे. तुमचे फोटो, तुमच्या आईचं हस्ताक्षर किती ठिकाणी आहे? आजच बघा.

असो. पुण्या-मुंबईच्या भाचेमंडळींनी हसू नये. पटलं नाही तर खाली भांडायला या.