यादी पुरे, निकाल दाखवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (इर्डा), हैदराबाद

विषय: कॅशलेस नेटवर्कमधल्या रुग्णालयांचा दर्जा

महोदय,

‘बिमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरची माझी तक्रार आपल्या दफ्तरी ‘निकाली’ निघाली. आभार. विमा कंपनीचं एका ओळीचं उत्तर असं, की संबंधित रुग्णालय नेटवर्कमध्ये असून यादी संकेतस्थळावर उपलब्ध आहे. ते मला ठाऊक होतं. यादी बघूनच आम्ही तिथे गेलो होतो. माझा प्रश्न वेगळा होता. ते रुग्णालय यादीत आलं कशाच्या जोरावर?

पत्नीचा गुडघा बदलला, आत संसर्ग झाला, पू झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. आमची पॉलिसी सुपर टॉप-अप, डिडक्टिबल पाच लाख. म्हणजे वर्षातले पहिले पाच लाख आमचे. पेन्शनीत बसेल असा हप्ता याच पॉलिसीचा असतो. दुसऱ्या बिलाला जोडलेल्या कागदावर हातमोजे, मास्क अशी रांग, आणि प्रत्येकापुढे ‘नॉन-पेएबल’. आपल्या 68 वस्तूंच्या यादीनुसारच, अर्थात. हे पैसे आम्ही भरायचे, वर ते डिडक्टिबलमध्येही धरायचे नाहीत! पहिल्या पाच लाखांत विमा कंपनीचा रुपया नाही, तरी रुग्णालय मात्र तिच्या यादीतलं.

आता नियमांकडे येऊ. ते आपलेच आहेत. 2016 मध्ये आपण सांगितलंत की नेटवर्कमधल्या रुग्णालयांनी ‘रोहिणी’ या रुग्णालयांच्या नोंदवहीत नोंदणी करावी आणि दोन वर्षांत एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं निदान प्रवेश-पातळीचं प्रमाणपत्र मिळवावं. 2018 उजाडलं, मुदत वाढली. 2022 मध्ये तर निकष ठरवण्याचं काम कंपन्यांच्या संचालक मंडळांकडेच सोपवलंत. ते निकष कोणते, कोणतं रुग्णालय त्यात बसलं आणि कोणतं गळालं, हे हप्ता भरणाऱ्याला कोण सांगणार?

मे 2024 च्या परिपत्रकात आपण घड्याळ लावलंत. कॅशलेसला मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. उशीर झाला तर वाढीव बिल कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून. छान. पैशाच्या मंजुरीला मिनिटांचा हिशेब आहे. रुग्णाच्या जखमेला कसलाच नाही.

नेटवर्कवरून भांडणं होतात तीही दरांचीच. 1 जुलै 2010 ला चार सरकारी कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांतल्या नामांकित रुग्णालयांची कॅशलेस सोय काढून घेतली, कारण पॅकेजचे दर. ऑगस्ट 2025 मध्ये खासगी रुग्णालयांच्या संघटनेने बजाज अलियान्झच्या पॉलिसीधारकांची कॅशलेस सोय थांबवण्याचा इशारा दिला, कारण पुन्हा दर. पंधरा वर्षांत एखादं रुग्णालय संसर्गाचं प्रमाण जास्त म्हणून यादीतून वगळल्याची जाहीर नोटीस माझ्या तरी वाचनात आली नाही.

रुग्णालयं हा राज्यांचा विषय, असं उत्तर तयार असेल. मान्य. आमच्या राज्याने 2010 चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही, अजून 1949 च्या नर्सिंग होम कायद्यावरच भागवतो. पण यादी राज्य सरकारची नाही. ती कंपनीची आहे, आणि कंपनी आपल्या अखत्यारीत आहे.

माहिती नाही, असंही म्हणता येणार नाही. 2023-24 या एका वर्षात आरोग्य विम्याचे 2.69 कोटी दावे निकाली निघाले, 83,493 कोटी रुपये दिले गेले. सुमारे 26 हजार कोटींचे दावे नाकारले किंवा कापले गेले. कुठे ‘वाजवी दरा’पेक्षा जास्त आकारणी झाली, हे कंपन्यांना रुपया-पैशात कळतं. मग एकाच गुडघ्यासाठी तोच रुग्ण महिन्याभरात पुन्हा कुठे दाखल झाला, हे त्याच नोंदींतून कळत नाही? कापायला माहिती आहे, सांगायला नाही, असा याचा अर्थ.

म्हणून मागण्या तीनच. प्रत्येक नेटवर्क रुग्णालयापुढे एनएबीएचची पातळी आणि तिची मुदत छापा. गुडघा, मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी, सिझेरियन अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांसाठी पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण रुग्णालयवार जाहीर करा. आणि संचालक मंडळांनी ठरवलेले निकष पॉलिसीच्या कागदांसोबत आमच्या हातात द्या.

मनात आलं तर आपल्याला जमतं. जानेवारी 2025 मध्ये एका आदेशाने ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ आपल्याला विचारल्याशिवाय करायची नाही, असं कंपन्यांना बजावलंत. तसाच आदेश इथे काढा. तोवर ‘निकाली’ हा शेरा मागे घ्या आणि माझी तक्रार पुन्हा उघडा. तिचं उत्तर अजून कोणीही दिलेलं नाही.

आपला,
एक पॉलिसीधारक, पुणे