बोईसरच्या शेगडीवर

गेल्या महिन्यात अम्मींच्या मावसबहिणीच्या घरी ताजियतीसाठी तारापूरला जाणं झालं. निघता निघता मगरिब होऊन गेली. रिक्षा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकली आणि आम्ही बोईसर स्टेशनात पाय ठेवला तेव्हा विरारकडे जाणारी गाडी फलाट सोडत होती.

पालघर जिल्ह्यातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत धावते खरी, पण विरारच्या पुढे ती मुंबईसारखी पाच-दहा मिनिटांनी येत नाही. एक चुकली की बसा वाट पाहत.

फलाटावरच्या बाकावर बसून अम्मींनी इन्सुलिन घेतलं. मग डब्यासाठी पिशवी उघडली, तर डबा नाही! तो ताजियतीच्या घरीच राहिला होता. सुई टोचल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच हवं, अशी डॉक्टरांची ताकीद. पर्समधले दोन खजूर त्यांना लगेच दिले आणि आम्ही स्टेशनाबाहेर पडलो.

थोडं पुढे गेल्यावर कोळशाचा वास आला. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, पुढे लांबट लोखंडी शेगडी. पाळी सुटलेले कामगार दाटीने बसलेले. इथल्या कारखान्यांनी आणि १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्राने देशभरची माणसं या भागात आणली. त्या बाकड्यांवर मराठी, भोजपुरी, गुजराती सगळं एकदमच ऐकू येत होतं.

आम्ही सलाम करून पहिला प्रश्न विचारला तो नेहमीचाच. "चाचा, हलाल आहे ना?"

चाचांना राग आला नाही. "अल्हम्दुलिल्लाह, हलालच आहे. सकाळचा माल आहे, संध्याकाळी संपतो. उरला तर मीच खातो, उद्या कुणाला देत नाही." असं म्हणून त्यांनी खिम्याच्या पातेल्यावरचं झाकण आमच्यासमोर उघडलं.

मग पाण्यात बोटं बुडवून त्यांनी खिमा सळईवर चढवला. त्यात कच्ची पपई, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि बांधणीपुरतं भाजलेलं डाळीचं पीठ. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत त्यांनी सळई ठेवली नाही. "ज्वाळेवर ठेवला तर वरून जळतो, आत कच्चा राहतो," ते म्हणाले. चरबीचा थेंब पडून भडका उडाला की ते सळई उचलून धरत, पुठ्ठ्याने वारा घालत, पुन्हा ठेवत.

कबाब समोर आले, पण पाव संपले होते. नुसत्या कबाबने अम्मींचं भागणार नव्हतं. इन्सुलिनवर पोळी, भात, पाव असं काहीतरी पोटात जावं लागतं. आम्ही पोराला पाव शोधायला पाठवणार, तोच चाचा अम्मींकडे पाहून म्हणाले, "आपांना घाम का फुटलाय?"

आम्ही सांगितलं. त्यांनी काही न बोलता गल्ल्यामागचा स्वतःचा डबा काढला. घरून आलेल्या तीन तांदळाच्या भाकऱ्या होत्या. दोन अम्मींच्या ताटात वाढल्या. अम्मी संकोचल्या, तर म्हणाले, "आपा, आधी खा. माझं घर दोन गल्ल्यांवर आहे, तुमचं लांब आहे."

दहा-पंधरा मिनिटांत अम्मींचा चेहरा पूर्ववत झाला. निघताना तिसरी भाकरीही त्यांनी फडक्यात बांधून दिली. पैसे कबाबचे घेतले, भाकरीचे घेईनात. "ती हॉटेलची नाही, घरची आहे."

गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. कुरआनने अन्न हलाल असावं आणि तय्यब, म्हणजे शुद्ध व उत्तम असावं, असं दोन्ही एकत्र सांगितलं आहे. प्रवासात आपण पहिल्या शब्दाची चौकशी करतो, आणि ती करायलाच हवी. पण पाटीवर एकच शब्द मावतो. दुसरा ताजा माल, उघडं झाकण आणि खरं बोलणारा माणूस पाहूनच कळतो. जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे, हे आपण लहानपणी पाठ केलेलं असतं. चाचांनी त्या रात्री मुसाफिराचा हक्क ओळखला, तोही स्वतःच्या डब्यातून.

भगिनींनो, घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर एवढं करा. जेवण समोर आल्याशिवाय सुई टोचू देऊ नका, आणि पर्समध्ये साखर किंवा खजूर ठेवाच.

ते फडकं धुऊन, घडी घालून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा तारापूरला जायचं आहे. अम्मींनी आतापासूनच बजावलंय, "फडकं रिकामं द्यायचं नाही. भाकऱ्या मी स्वतः थापणार."